संघर्ष, घसट आणि भांड्याला लागलेलं भांडं

प्रश्न असा आलाय: मुलाखतींत लोक "खूप संघर्ष करून इथवर आलो" म्हणतात, ते बरोबर का? आणि सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकातला 'संघर्ष' तो हाच का?

कान किटले हो या संघर्षाने! घर दोन खोल्यांचं, पहिला पगार तुटपुंजा, की झाला संघर्ष. धडपड, कष्ट, खस्ता, टक्केटोणपे हे शब्द काय माळ्यावर टाकलेत? संघर्षाला समोर दुसरं कुणीतरी लागतं. पुस्तकातला संघर्ष निदान तेवढं पाळतो.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'घृषु सङ्घर्षे' असं आहे. घृष् म्हणजे घासणं. घर्षण त्याचंच, आपलं 'घासणे'ही प्राकृतातून तिथूनच आलं, आणि घासण्यातून झाली 'घसट'. आता बघा, संघर्ष म्हणजे वैर आणि 'त्यांची फार घसट आहे' म्हणजे दाट मैत्री! धातू एकच. हा योगायोग आहे हे मी मुळीच मानत नाही. जे जवळ येतं तेच घासतं, हे शब्द घडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. मानसशास्त्रज्ञ तिथे पोचले 1950 साली. फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांची वसाहत तपासली. अगदी लगतच्या दारांत मैत्रीचं प्रमाण 41 टक्के, त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला 10. पुढे 1976मध्ये एबेसन आणि मंडळींनी कॅलिफोर्नियात नावडत्या माणसांचीही चौकशी केली, तर तीही जवळपासच राहणारी निघाली. घसट आणि संघर्ष, एकाच जिन्यात!

परोपकारसुद्धा या सहाणेवरून सुटत नाही. दुसऱ्यासाठी माणूस 'चंदनासारखा झिजतो'. (झिजण्याचा धातू क्षि, तो वेगळा. पण चंदन झिजतं ते घासूनच ना?)

आता कुणीतरी 'भांड्याला भांडं लागतं म्हणून भांडण' ही व्युत्पत्ती घेऊन येणारच. म्हण झकास, व्युत्पत्ती साफ चूक. पालीत 'भण्डन' म्हणजे कलहच, स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही. आपलं भांडं आलं 'भाण्ड'वरून. ही थाप दरवर्षी नव्याने छापणाऱ्या सदरलेखकांनी एकदा पाली कोश उघडावा, बोटं झिजणार नाहीत.

हां, तुमची मुलाखत राहिलीच. त्या गृहस्थांचं घरमालकाशी वाजलं असेल तर संघर्ष म्हणू द्या. नुसती बस चुकत असेल तर धडपड.