आजोबांचे रिव्हॉल्व्हर सांभाळताना

आजोबांचे छोटे रिव्हॉल्व्हर वारशाने येऊन रीतसर तुमच्या परवान्यावर चढले असेल, तर कागदांचे थोडक्यात सांगतो: परवाना पाच वर्षांचा असतो आणि मुंबईत नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच पोलीस आयुक्तालयाकडे द्यावा.

खरा शत्रू म्हणजे इथली दमट हवा. शस्त्र चामडी होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर एकाच पावसाळ्यात शिवणीचा तांबूस, गंजलेला ठसा उमटला आणि तो आजही पुरता गेलेला नाही. हलक्या तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ते कुलूपबंद कपाटात ठेवावे, काडतुसे निराळी.

साफ करण्यापूर्वी सिलिंडरचे प्रत्येक घर रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचतात आणि सिलिंडर अडू लागतो. तेथे दात घासायचा जुना ब्रश उत्तम चालतो. सिलिंडर बाजूला उघडणारा असेल, तर चित्रपटातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने तो बंद करू नये, त्याचा आधार वाकतो. घोडा ताणल्यावरही सिलिंडर जास्तच डुलत असेल, तर परवानाधारक कारागिराने तपासेपर्यंत एकही गोळी झाडू नये.