आधी रूळ कुणाचे ते विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू 'सरकारी' आणि 'खासगी' असे दोन रकाने आखलेस, आणि लांबच्या शहरांना जोडणाऱ्या प्रवासी गाड्यांवर पैसा घालावा की नाही याचे सगळे मुद्दे त्यांत वाटून टाकलेस. माझं ऐकशील तर ते पान बाजूला ठेव. रूळ, पूल, बोगदे, सिग्नल हा एक व्यवहार. त्यावरून धावणारी गाडी हा दुसरा. आणि स्टेशनाभोवतीची जमीन हा तिसरा. तिघांचं अर्थकारण निराळं आहे. तुझं टिपण तिघांना एकाच तागडीत घालतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

रुळांचं आधी बघू. तिथे पैसा सगळा आधी घालावा लागतो आणि परत येतो तो थेंबाथेंबाने, पिढ्यान्‌पिढ्या. एवढं थांबण्याची ताकद खासगी भांडवलात क्वचितच असते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्राखालचा बोगदा सरकारी पैशाशिवाय बांधायचा, अशी तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची अट होती. १९९४ मध्ये तो उघडला. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, प्रवासी अंदाजापेक्षा कमी आले, आणि २००७ मध्ये कर्जाची मोठी फेररचना करावी लागली. सुरुवातीला पैसे घालणारे पुरते पोळले. बोगदा मात्र उत्तम चालतो. तैवानची वेगवान रेल्वे २००७ मध्ये खासगी कंपनीने सुरू केली. मार्ग चालवायच्या कराराच्या ३५ वर्षांच्या मुदतीत हिशेब बसेना, म्हणून २०१५ मध्ये मुदत ७० वर्षं केली आणि सरकारने आपला हिस्सा वाढवला. दोन्ही कामं व्हायलाच हवी होती. मुदत आणि खिसा यांचा मेळ तेवढा बसला नव्हता.

ब्रिटनने तर जुने, चालते रूळच १९९६ मध्ये रेलट्रॅक या कंपनीच्या रूपाने शेअर बाजारात नेले. १७ ऑक्टोबर २०००ला हॅटफील्डजवळ भरधाव गाडीखाली रूळ तुटला, चार माणसं गेली. त्या रुळाला भेगा पडल्याचं आधीपासून माहीत होतं. अपघातानंतर देशभर शेकडो ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवावा लागला, कारण कुठला रूळ कोणत्या अवस्थेत आहे हे मालकालाच नीट ठाऊक नव्हतं. वर्षभरात कंपनी कोसळली आणि २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेल या ना-नफा संस्थेकडे आले. रुळांच्या देखभालीत काटकसर केली तर ती पहिली काही वर्षं ताळेबंदात नफा म्हणून दिसते. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते, आणि सरकारी तिजोरीही हाच डाव खेळू शकते हे विसरू नकोस.

गाड्यांचं तसं नाही. गाडी विकता येते, दुसऱ्या मार्गावर नेता येते, भाड्याने घेता येते. तिथे स्पर्धा चालते. इटलीत २०१२ मध्ये इतालो ही खासगी गाडी सरकारी रुळांवर, सरकारी कंपनीच्या समोर उतरली. स्पेनमध्ये सरकारी कंपनीच्या स्पर्धेत २०२१ मध्ये विगो आणि पुढच्या वर्षी इर्यो या कंपन्यांच्या गाड्या आल्या. दोन्हीकडे भाडी उतरली आणि प्रवासी वाढले. पण बघ, रूळ दोन्ही देशांत सार्वजनिक पैशाने आधीच टाकलेले होते. 'खासगी कंपनीने करून दाखवलं' असं कुणी म्हणालं की विचार, कुणाच्या रुळांवर?

माझ्या या म्हणण्याला एक मोठा अपवाद तू काढशील, जपानचा. तो नीट समजून घे, कारण दोन्ही पक्षांचे लोक तो अर्धाच सांगतात. तोक्यो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे तिथली अतिवेगवान रेल्वे, १ ऑक्टोबर १९६४ला सुरू झाली. खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना वर्षभर आधीच पद सोडावं लागलं आणि उद्घाटनाला ते नव्हते. आज तो मार्ग जगातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या रेल्वेमार्गांपैकी एक आहे. १९६४ मध्येच त्या राष्ट्रीय रेल्वेला पहिल्यांदा तूट आली, आणि १९८७ मध्ये खासगीकरणासाठी तिचे तुकडे केले तेव्हा कर्ज ३७ लाख कोटी येनच्या घरात होतं. नव्या कंपन्यांना रूळही मिळाले, हे खरं. पण कर्जाचा मोठा भाग वेगळा काढून शेवटी करदात्यांच्या माथी आला. होक्काइदो आणि शिकोकू बेटांवरच्या कंपन्या आजही आधाराशिवाय उभ्या राहत नाहीत. आणि शिंकान्सेनचे नवे मार्ग सार्वजनिक संस्था बांधते आणि कंपन्यांना भाड्याने देते. म्हणजे तिथेही नव्या बांधकामाचा भार शेवटी सार्वजनिकच.

जमिनीबद्दल थोडक्यात. गाडी येते म्हणून स्टेशनाजवळची जागा महागते, पण तो पैसा तिकिटाच्या खिडकीवर दिसत नाही. हाँगकाँगच्या एमटीआर या मेट्रो कंपनीने स्टेशनांवरच्या आणि आसपासच्या बांधकामाचे हक्क घेऊन तो आपल्याकडे वळवला. तुझ्या टिपणात जमीन हा शब्दच नाही, तो आण.

आता एक गोष्ट सांगते, माझ्या चुकीची. नोकरीच्या सुरुवातीला एका शाखामार्गाचा हिशेब माझ्याकडे आला. चार स्टेशनं, दिवसाला तीन गाड्या. प्रत्येक स्टेशनावर विकलेल्या तिकिटांची नोंदवही होती. मी बेरजा केल्या, खर्चाशी ताळा घातला आणि मार्ग आतबट्ट्याचा आहे असा शेरा लिहून कागद वर पाठवले. त्यानंतर एका रविवारी संध्याकाळी मी शेवटच्या स्टेशनावर सहज बसले होते. गाडी आली आणि फलाट भरला. बॅगा, झोपलेली मुलं, शिकायला बाहेर राहणारी पोरं, शहरातल्या डॉक्टरकडून परतणारी म्हातारी माणसं. या सगळ्यांनी तिकीट काढलं होतं शहरात. त्यांचे पैसे शहराच्या वहीत होते, माझ्या नाही. शिवाय मुख्य मार्गावरच्या लांबच्या तिकिटांतला त्यांचा वाटा मी शाखेच्या नावावर धरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. कागद पुढे गेले होते. मार्ग बंद झाला.

ही चूक माझ्या एकटीची नव्हती, हे पुढे कळलं. ब्रिटनमध्ये रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठी केलेल्या १९६३ सालच्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली. त्यामागची प्रवाशांची मोजणी एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची होती. ज्या गावांना माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत जातात, ती गावं एप्रिलच्या आकड्यांत कशी दिसणार? मार्ग बंद झाले, पण बचत अपेक्षेएवढी झाली नाही. एडिंबरापासून दक्षिणेला जाणारा मार्ग १९६९ मध्ये बंद केला होता. त्याचा एक भाग २०१५ मध्ये पुन्हा बांधावा लागला.

म्हणून प्रत्येक मार्गापुढे दोन प्रश्न लिही. ही गाडी उद्या बंद केली तर नेमका कोणता खर्च वाचेल? आणि कोणतं उत्पन्न दुसरीकडून गळेल? त्याच रुळांवरून मालगाड्या जात असतील तर पहिल्याचं उत्तर बहुधा तुझ्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा बरंच लहान निघतं.

तुझा पुढचा प्रश्न वेगाचा आहे. स्वित्झर्लंडकडे बघ. बर्न आणि झुरिचमधला प्रवास त्यांनी २००४ मध्ये ५६ मिनिटांवर आणला. त्यासाठी ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला आणि तिथे थांबले. आणखी पैसा ओतून पन्नास मिनिटं करता आली असती, पण गरज नव्हती. गाडी तासाच्या काट्याच्या जरा आधी पोचली की चारी दिशांच्या गाड्या फलाटांवर उभ्या असतात. माणसं उतरतात, पलीकडच्या गाडीत चढतात, आणि काही मिनिटांत सगळ्या गाड्या निघतात. सहा मिनिटं आधी पोचून कुणाला काय मिळणार, फलाटावर उभं राहणं? आधी वेळापत्रक ठरवलं, मग त्याला लागतील तेवढेच रूळ टाकले. याला लोकांनी मतदान करून पैसा दिला, १९८७ मध्ये, आणि पुन्हा २०१४ मध्ये रेल्वेच्या कायमच्या निधीसाठी. दरवर्षी अर्थसंकल्पापुढे हात पसरावा लागणाऱ्या संस्थेला असं वीस वर्षांचं काम हाती घेता येत नाही.

एवढं सगळं लिहूनही सांगते, काही ठिकाणी 'नको' म्हणायचं धाडस ठेव. 'रस्त्याला कुणी नफा विचारत नाही' हे वाक्य तू टिपणात तीनदा लिहिलंयस. ते खरं आहे, पण रस्ता तोट्यात आहे म्हणून रेल्वेचा प्रत्येक तोटा रास्त ठरत नाही. दोन मोठी शहरं गाडीने साधारण तीन तासांच्या आत येत असतील तर विमानाशी बरोबरी होते. माद्रिद आणि बार्सिलोनामध्ये २००८ नंतर तेच झालं. त्याच मार्गावर ग्वादालाहारा गावाबाहेर, होणाऱ्या वसाहतीच्या भरवशावर एक स्टेशन बांधलं. वसाहत ठरल्याएवढी वाढली नाही, स्टेशन ओस राहिलं. जिथे दिवसाला दोन बसभर माणसं आहेत तिथे दोन चांगल्या बस वेळेवर सोड आणि मुख्य गाडीच्या तिकिटाशी त्यांचं तिकीट जोड. त्यात रेल्वेचा अपमान नाही.

तुझ्या यादीतला सातवा मार्ग, ज्यावर तू लाल खूण केली आहेस, त्याच्या प्रवाशांची मोजणी कोणत्या महिन्यातली आहे ते मला कळव. आणि शेवटच्या स्टेशनावर किती तिकिटं विकली गेली हा आकडा माझ्याकडे आहे. रविवारी संध्याकाळी तिथे किती माणसं उतरली, तो आकडा पाठव.

तुझ्या पत्राची वाट बघते.