लिनक्सवर कीबोर्ड-माऊस दाद देईनात तेव्हा
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करावीत. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: उबुंटू अपडेट केलं आणि रीस्टार्ट केल्यावर लॉगिनचा पडदा आला, पण माऊसचा बाण जागचा हलत नाही, पासवर्डही टाइप होत नाही. कीबोर्ड-माऊस दोन्ही यूएसबीचे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालतात. आता सगळं नव्याने इन्स्टॉल करायचं का?

उत्तर: अजिबात नको. आधी कीबोर्ड कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो ते शोधा. निम्मं काम तिथेच होतं. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये जाता येतं का? ग्रबच्या (कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत बाणांच्या कळांनी वर-खाली होता येतं का? (मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा.) या दोन्ही ठिकाणी कीबोर्ड फर्मवेअरच्या (बायोससारख्या, मदरबोर्डमध्येच असलेल्या प्रोग्रामच्या) ताब्यात असतो, लिनक्सचा अजून पत्ताही नसतो. तिथे चालला तर वायर, पोर्ट आणि कीबोर्ड ठीक आहेत.

पुढची परीक्षा टेक्स्ट मोडची. बरेच जण इथे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबायला सांगतात, पण तुमच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. ग्राफिकल सर्व्हर (पडद्यावर खिडक्या आणि बाण काढणारा प्रोग्राम) सुरू झाला की कन्सोलचा कीबोर्ड स्वतःकडे घेतो. त्यालाच कळ दाबलेली कळत नसेल तर एफ३ तरी कुठून कळणार? म्हणून ग्रबमध्ये उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो. आता काळ्या पडद्यावर लॉगिन येईल.

इथे टाइप होतंय? मग कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कीबोर्ड दिसतोय आणि अडचण ग्राफिकल थरात आहे. एक्सऑर्ग (जुना ग्राफिकल सर्व्हर) वापरणाऱ्या डेस्कटॉपवर सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे इनपुट ड्रायव्हरचं पॅकेजच उडालेलं असणं. ‘एप्ट ऑटोरिमूव्ह’ची यादी न वाचता ‘वाय’ दाबलं, किंवा ग्राफिक्सची पॅकेजं अर्धवट बदलली गेली, की हे घडतं. तपासण्यासाठी:

डीपीकेजी -एल | ग्रेप एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट

‘लिबइनपुट’च्या ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असेल तर पॅकेज जागेवर आहे. ‘आरसी’ असेल तर पॅकेज काढलं गेलंय, फक्त त्याच्या सेटिंगच्या फाइली उरल्यात. ओळच नसेल तर पॅकेज नाहीच. या दोन्ही वेळी:

सुडो एप्ट अपडेट
सुडो एप्ट इन्स्टॉल एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-ऑल

इंटरनेट लागेल. लॅनची वायर लावली तर उत्तम. वायफाय असेल तर ‘एनएमटीयूआय’ ही कमांड टेक्स्ट मोडमध्येही जोडून देते. नंतर रीबूट.

लॉग वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये ‘नो इनपुट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ ही ओळ धडधाकट मशीनवरही असते. ती ‘माऊस०’ या जुन्या पद्धतीच्या नोंदीपुढे असेल तर सोडून द्या. तुमच्या कीबोर्डच्या नावापुढे आणि ‘इव्हेंट’ने सुरू होणाऱ्या नोंदीपुढे असेल तरच तो गुन्हेगार.

तुमच्याकडे नोम हा डेस्कटॉप वेलँडवर (एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर) चालत असेल (उबुंटूमध्ये २१.०४ पासून बहुतेक मशीनवर तोच डीफॉल्ट आहे) तर वरचं पॅकेज असो-नसो, फरक पडत नाही. तिथे, आणि टेक्स्ट मोडमध्येही कीबोर्ड मुका असेल तर, संशय नव्या कर्नलवर घ्या. ग्रबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीचा कर्नल निवडा. तो चालला तर नव्याची मॉड्यूल्स (ड्रायव्हरचे सुटे भाग) अर्धवट बसली आहेत असं धरून चाला. पहिल्यांदा ‘डीएफ -एच /बूट’ बघा. बूटचं पार्टिशन १०० टक्के भरलेलं असलं की इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरचं गाठोडं) पूर्ण लिहिलाच जात नाही. जुने कर्नल काढून जागा करा, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा आणि मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. चालणारा जुना कर्नल मात्र या साफसफाईत काढू नका.

प्रश्न: डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. नवा कीबोर्ड घेतला. ग्रबमध्ये चालतो, पण डिस्कचा पासवर्ड मागितला की एकही कळ लागत नाही. जुना कीबोर्ड लावला तर चालतं!

उत्तर: पासवर्ड विचारला जातो तेव्हा फर्मवेअर बाजूला झालेलं असतं आणि खरी डिस्क अजून उघडलेली नसते. त्या मधल्या काळात लिनक्सकडे फक्त इनिटरॅमएफएसमध्ये बांधून दिलेले ड्रायव्हर असतात. ही शिदोरी बांधताना जे उपकरण जोडलेलं होतं त्यापुरतेच ड्रायव्हर घेतले असतील, तर नवा कीबोर्ड उपाशी राहतो.

जुन्या कीबोर्डने आत शिरा, नवा सोबत जोडा. आर्च या लिनक्सवर ‘/ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ’मध्ये ‘हुक्स’ची ओळ बघा (नाव मोठ्या अक्षरांत). तिथे ‘कीबोर्ड’ हा शब्द ‘ऑटोडिटेक्ट’च्या आधी हवा. नंतर असेल तर ऑटोडिटेक्टची चाळणी त्यालाही लागते. बदलून ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ’पुढे मोठा पी: -पी. डेबियन-उबुंटूवर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=’पुढे ‘डेप’ असेल तर ‘मोस्ट’ करा (‘मॉड्यूल्स’ मोठ्या अक्षरांत, ‘मोस्ट’ छोट्या) आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’.

ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर एरवी चालत नाही. एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर वायरचा एक साधा कीबोर्ड जवळ ठेवाच.

प्रश्न: कळ दाबली की काही उमटत नाही, पण बराच वेळ दाबून धरली तर अक्षर येतं. कीबोर्ड गेला का?

उत्तर: नाही, ‘स्लो कीज’ चालू झालंय. अनेक डेस्कटॉपवर उजवी शिफ्ट ८ सेकंद धरली की ते चालू होतं, आणि विचार करत बसताना बोट तिथे टेकलेलं राहतं. तशीच ८ सेकंद पुन्हा धरा, किंवा सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा. नमपॅडचे आकडे उमटायचे थांबले आणि बाण सरकू लागला, तर तो याचाच भाऊ ‘माऊस कीज’: शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबा.

प्रश्न: माऊस दोन-तीन सेकंद न हलवल्यास झोपी जातो. नुसता हलवून जागा होत नाही, क्लिक करावं लागतं. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून काही टूल्स टाकली होती, त्यांचा संबंध असेल?

उत्तर: जवळपास नक्कीच, आणि पहिला संशयित पॉवरटॉप. ‘पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ सरसकट सगळ्या यूएसबी उपकरणांना ऑटोसस्पेंड (वापर नसताना आपोआप झोपणं) लावतं, माऊसलाही. कर्नलचा डीफॉल्ट अवधी २ सेकंदांचा आहे, तुमचं निरीक्षण त्याच्याशी जुळतं. अनेक माऊस झोपेत असताना फक्त बटणाने जागे होतात, हालचालीने नाही. टीएलपी हे बॅटरीचं दुसरं टूल मात्र इनपुट उपकरणं आपणहून वगळतं, त्यामुळे त्याला दोष देण्याआधी पॉवरटॉप बघा.

खात्री करायची तर आधी माऊस कोणत्या पत्त्यावर आहे ते काढा:

ग्रेप . /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/*/प्रॉडक्ट

समजा माऊसचं नाव ‘१-२’च्या फोल्डरपुढे आलं. मग:

इको ऑन | सुडो टी /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/१-२/पॉवर/कंट्रोल

या फाइलमध्ये ‘ऑटो’ म्हणजे झोपायची मुभा, ‘ऑन’ म्हणजे सतत जागं. लगेच सुधारला तर निदान पक्कं. पण हे रीबूटपर्यंतच टिकतं. कायमचा इलाज म्हणजे ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल पॉवरटॉप’ (किंवा ज्या नावाने ती सर्व्हिस बनवली असेल ते). कर्नलला ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१’ देऊन सगळ्यांचीच झोप उडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डेस्कटॉपवर ठीक आहे, लॅपटॉपवर बॅटरीचा तोटा होतो.

माऊस वायरलेस असेल आणि झोपण्याऐवजी अडखळत, उड्या मारत चालत असेल तर कारण वेगळं. यूएसबी ३ च्या पोर्ट-केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि माऊसचा डाँगलही (पोर्टमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावरच त्रास होतो का बघा. डाँगल यूएसबी २ च्या छोट्या एक्स्टेंशन केबलवर डिस्कपासून लांब न्या. कुठलीही कमांड लागत नाही.

प्रश्न: काम करता करता दोन्ही एकदम बंद पडतात. व्हिडिओ चालू राहतो, घड्याळ पुढे सरकतं. काढून-घालून, पोर्ट बदलून उपयोग नाही. पॉवर बटण धरून बंद करावं लागतं.

उत्तर: घड्याळ सरकतंय म्हणजे सिस्टम जिवंत आहे. दोन वेगळी उपकरणं एकाच क्षणी जातात तेव्हा दोष त्यांच्यात क्वचितच असतो. दोघांना जोडणाऱ्या दुव्यात, म्हणजे हबमध्ये किंवा यूएसबी कंट्रोलरमध्ये असतो. पुढच्या वेळी रीस्टार्टनंतर लगेच हे बघा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१ | ग्रेप -आय -ई यूएसबी -ई एक्सएचसीआय

हा मागच्या खेपेचा कर्नल लॉग, आणि ‘एक्सएचसीआय’ म्हणजे यूएसबी कंट्रोलर. शेवटच्या ओळींत ‘एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पाँडिंग, अझ्यूम डेड’ किंवा ‘एचसी डाइड’ दिसलं तर कंट्रोलरच कोसळलाय, आणि त्याच्यावरचा कुठलाही पोर्ट बदलून काही होणार नाही. त्याऐवजी एरर -७१ किंवा -११० च्या रांगा दिसल्या तर ते उपकरणाशी बोलणं तुटल्याचं लक्षण: केबल, सैल पोर्ट, पुरेशी वीज न देणारा हब. हब काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावून बघा. ‘ओव्हर-करंट’ दिसलं तर एखादं उपकरण किंवा पोर्ट शॉर्ट होतोय. एकेक काढत जा.

कंट्रोलर कोसळल्यावर रीबूट टाळायचं असेल तर आधीपासून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय) चालू ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत या. लॉगमध्ये कंट्रोलरचा पत्ता असतो, इंटेलच्या बऱ्याच मशीनवर ००००:००:१४.०. मग:

इको ००००:००:१४.० | सुडो टी /सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स/एक्सएचसीआय_एचसीडी/अनबाइंड

तीच ओळ पुन्हा, शेवटी ‘अनबाइंड’च्या जागी ‘बाइंड’. त्या कंट्रोलरवर यूएसबी डिस्क माउंट असेल तर ती तुटेल, आणि लिनक्सच यूएसबी डिस्कवरून चालत असेल तर हे करूच नका.

एसएसएच नसेल तर पॉवर बटण हलकेच एकदा दाबा. सेटिंगप्रमाणे मशीन शिस्तीत बंद होईल किंवा झोपेल. झोपून उठताना कंट्रोलर कधी कधी शुद्धीवर येतो. बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात डिस्कवर लिहायचं राहिलेलं जातं. ऑल्ट-प्रिंटस्क्रीनसोबत एस, यू, बी दाबण्याची युक्ती इथे चालणार नाही: कंट्रोलरच मेला तर त्या कळाही पोहोचत नाहीत. ती युक्ती डेस्कटॉप गोठला पण कीबोर्ड जिवंत आहे अशा वेळेची. तिथेही उबुंटूवर, एस-यू-बीच्या आधी दाबायला सांगितली जाणारी आर, ई, आय ही अक्षरं निष्फळ ठरतात, कारण कोणत्या अक्षरांना परवानगी ते ठरवणाऱ्या ‘कर्नल.सिसआरक्यू’ या सेटिंगची किंमत १७६ असते: १२८ रीबूट, ३२ डिस्क फक्त-वाचनावर नेणं, १६ सिंक. कीबोर्ड परत मिळवणारा ‘आर’ हवा असेल तर त्यात ४ मिळवून १८० करा.

हे वारंवार होत असेल तर मदरबोर्डचं बायोस अपडेट करा, दुसरा कर्नल वापरून बघा. तरीही थांबलं नाही तर पीसीआय-एक्स्प्रेसचं वेगळं यूएसबी कार्ड हा रोखठोक तोडगा.

प्रश्न: लॅपटॉप झोपेतून उठला की टचपॅड मरतो. कीबोर्ड चालतो.

उत्तर: ‘कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस’मध्ये टचपॅड शोधा. त्याच्या माहितीत ‘आय८०४२’ दिसलं तर तो जुन्या पीएस/२ वाटेवर आहे:

सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाऊस
सुडो मॉडप्रोब पीएसमाऊस

‘आय२सी’ दिसलं तर त्याच दोन ओळी ‘आय२सी_एचआयडी_एसीपीआय’ या मॉड्यूलने करा. पीएस/२ वाल्यांत हे रोजचंच असेल तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मधल्या कर्नलच्या पर्यायांच्या ओळीत ‘आय८०४२.रीसेट’ किंवा ‘आय८०४२.नोमक्स’ घालून बघा, पण एका वेळी एकच. सगळे एकदम घातले तर कशाने गुण आला ते कळत नाही. नंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’.

आणि या सगळ्याआधी एक फुकटची तपासणी. नोममध्ये ‘बाहेरचा माऊस असताना टचपॅड बंद’ अशी सोय आहे. वायरलेस माऊसचा डाँगल पोर्टमध्ये विसरलेला असेल तर तोही माऊस म्हणूनच मोजला जातो, माऊस बॅगेत बंद असला तरी.