डिस्कवरच्या रेषा आणि भेगा

अरे, चाक काढून ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, रेषा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नकोस. गोल गोल जाणाऱ्या बारीक चऱ्या तिला दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडच्या घासण्यानं पडतातच. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर चढलेला तांबूस गंजही दोन-चार ब्रेक मारले की जातो.

भेग वेगळी. ती आतून बाहेर, सायकलच्या आऱ्यासारखी जाते. तापून-थंडावून आलेलं केसाएवढं जाळं असेल तर लक्ष ठेव; पण नख अडकलं, किंवा भेग कडेपर्यंत पोचली, तर त्या डिस्कवर गाडी चालवायची नाही. ‘टर्निंग करून देतो’, म्हणजे लेथ मशीनवर डिस्क तासून देतो, म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस. लेथवर भेग जात नाही, जाडी तेवढी जाते.

जाडी मायक्रोमीटरनं मोज, म्हणजे टोकांमध्ये धरून स्क्रूनं मोजणाऱ्या मापकानं. साधा व्हर्निअर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी, कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मी स्वतः असा फसलोय. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली तर एकाच बाजूची नाही, जोडीच बदल, पॅडसकट.

आणि आंबेनळी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, खालचा गिअर टाक. खाली पोचल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी तर मुळीच मारू नकोस.