गोव्यात जुन्या व्हॅनमध्ये राहायचंय. आधी सोलर बसवू की गंज काढू?

आधी गंज काढा, सोलर नंतर. म्हापशात डेंटिंगचं काम करतो म्हणून सांगतो: खाऱ्या हवेत पत्रा वरून ठणठणीत दिसतो, पण मॅटिंग उचललं की चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचा पट्टा भुसभुशीत निघतो. तिथे नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा, वर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग. ठिणग्यांनी प्लाय, फोम पेटतो, त्यामुळे हे फर्निचरच्याही आधी. जून ते सप्टेंबर मात्र नुसत्या सोलरवर निघणार नाहीत. चालत्या इंजिनवरून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आणि सीट काढण्याआधी आरटीओत विचारा, गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.