सेंद्रिय खत टाकलं की भाजीपाल्याची शेती शाश्वत झाली का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढे असंही विचारलंय की भाज्या आणि फळझाडं दोन्ही लावायची आहेत, रासायनिक बंद करायचंय, तर नेमक्या कुठल्या पद्धती उपयोगी पडतात. सरळ उत्तर देतो, नाही झाली. शेणखत, गांडूळ खत हे सगळं पाहिजेच, पण मी तीन वर्षं तेवढंच करून जमिनीची वाट लावलीये म्हणून लिहायला बसलो.

आमचं दोघा भावांचं शेत शेजारी शेजारी. दादा खताच्या गोणीवाला, मी सेंद्रियवाला, आणि जेवायला बसलं की हाच वाद. मी छाती काढून सांगायचो की मी दरवर्षी पीक बदलतो, माझी फेरपालट बघ. पहिल्या वर्षी टोमॅटो, मग वांगी, मग भेंडी, शेवटी घेवडा. नावं चार, पण टोमॅटो आणि वांगी एकाच कुळातली (मिरची-बटाटाही त्यातलेच), एकाचा रोग दुसऱ्याला बसतो. भेंडी कुळाने वेगळी असली तरी पिकाच्या मुळांत शिरणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक कृमी) ती टोमॅटोइतकीच गोड लागते, हे मला तेव्हा कुठे माहीत.

भेंडीच्या वेळीच खरंतर कळायला पाहिजे होतं. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी परत ताठ, आणि जमीन बघावी तर ओली. मी म्हटलं पाणी कमी पडतंय, ठिबक अजून अर्धा तास वाढवलं. मग घेवडा लावला, एक रोप उपटलं तर मुळांना गाठीच गाठी. मला एवढा आनंद झाला की ते रोप तसंच मातीसकट दादाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, म्हटलं बघ, ह्या नत्राच्या गाठी, हवेतलं नत्र फुकट जमिनीत येतंय, तू बस गोण्या ओतत. दादा काही बोलला नाही. दीड महिन्यात घेवडा पिवळा पडून बसला आणि मग तो बोलला, आणि आजतागायत बोलतोय, की सेंद्रियाच्या नादाने जमीन घालवली.

नंतर ओळखीतल्या एक बाई, ज्या हेच शिकलेल्या आहेत, त्यांनी नखाने दाखवलं. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने खुडली की सुटते आणि फोडली तर आत गुलाबी-लालसर. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, खुडायला गेलं तर मूळ तुटतं. माझ्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या, म्हणूनच जमीन ओली असूनही भेंडी माना टाकायची. एक मादी काहीशे अंडी घालते आणि उबदार मातीत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार, त्यात मी लागोपाठ चार पिकं त्यांच्याच आवडीची वाढलेली. शेणखताचा यात दोष काय?

मग काय केलं तर उन्हाच्या दिवसांत जमीन भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीने दाबून सहा आठवडे ठेवलं. पारदर्शकच, काळं नाही, ऊन आत जाऊन माती तापली पाहिजे, त्यानेच सूत्रकृमी मरतात. त्यानंतर ताग, फुलोरा सुरू झाला की कापून गाडला. मग झेंडू, तो पण बांधावर शोभेला चार झाडं लावून काही होत नाही, अख्ख्या वाफ्यात दाट पेरून दोन-तीन महिने ठेवायचा, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी मरतात. मग कांदा-लसूण. टोमॅटोला त्या तुकड्यात तीन वर्षं बंदी घातली. पूर्ण जात नाहीत ते, खोल मातीत राहतातच, पण पीक निघायला लागलं.

तर मुद्दा असा की पीक संपलं की मूळ उपटून बघा. दर वेळी. खत कुठलं, द्रावण कुठलं हे नंतर. काडीकचरा जाळू नका, आच्छादन म्हणून वरच पसरा, कोरडा भुसा मातीत मिसळला तर कुजताना तो पिकाचंच नत्र ओढतो. मात्र गाठी असलेली मुळं शेतात ठेवायची नाहीत, ती तेवढी जाळा. आणि सेंद्रिय म्हणजे निर्धोक असंही डोक्यातून काढा, मोरचुदाचं बोर्डो मिश्रण (बुरशीवर फवारतात ते) सेंद्रियात चालतं पण त्यातलं तांबं जमिनीत साठत जातं, कुठेही जात नाही.

फळझाडांचं थोडक्यात सांगतो कारण माझा अनुभव कमी. आच्छादन बुंध्याला टेकवू नका, वीतभर लांब ठेवा, नाहीतर साल कुजते. रोपं आणताना पिशवी फाडून मुळं बघा, विकणारा कुरकुरला तरी, पेरू-डाळिंबात ह्याच गाठी रोपाबरोबर फुकट येतात आणि झाड एकदा लावलं की फेरपालट कसली करणार.

हे सगळं हलक्या, रेताड जमिनीतलं आहे बरं का, तिथे सूत्रकृमी जास्त माजतात. तुमची भारी काळी असेल तर तुमचं दुखणं पाणी साचण्याचं असू शकतं, तिथे आधी निचरा बघा. आणि मी रासायनिकाच्या अगदी विरोधात आहे असंही नाही, माती तपासून कमी असेल ते द्या. हे वाक्य दादाला दाखवू नका.

अवजारांना चिकटलेल्या मातीतूनही हे पसरतं. म्हणून दादाचा ट्रॅक्टर धुतल्याशिवाय मी माझ्या तुकड्यात येऊ देत नाही. त्याचं म्हणणं, घाण तुझ्या शेतातली आणि धुवायचं मी. तेवढं मात्र त्याचं बरोबर आहे, म्हणून हल्ली पाइप घेऊन मीच धुतो.