घर आणि कागद : कर्ज फिटलं, मग मूळ दस्त कुठे आहे?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला 1998 साली घर घेतलं. मध्ये दोनदा रीफायनान्स केलं, म्हणजे नवीन कर्ज काढून जुनं फेडलं, आणि गेल्या वर्षी कर्ज पूर्ण फेडलं. बँकेचं अभिनंदनाचं एक पानी पत्र आलं, पण घराचे मूळ कागद काही आले नाहीत. पुण्यात भावाचं कर्ज फिटलं तेव्हा बँकेनं खरेदीखत सही घेऊन परत दिलं होतं. इथे फोन केला तर "आमच्याकडे तसं काही नसतं" म्हणतात. त्यात परवा एक सरकारी वाटणारं पत्र आलंय, की शंभरेक डॉलर भरा, तुमच्या डीडची, म्हणजे घराच्या दस्ताची, प्रत पाठवतो. भरू का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. भरू नका. ते पत्र पुन्हा नीट वाचा. आमचा सरकारशी संबंध नाही आणि हीच प्रत काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या दस्तनोंदणी कार्यालयात, मिळते, असं त्यात छापलेलं सापडेल. कॅलिफोर्नियात तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. घराचा नवीन दस्त नोंदला गेला की ही पत्रं येतातच, कारण नोंद सगळ्यांना बघायला खुली असते. रेकॉर्डरकडे साधी नक्कल थोडक्या डॉलरांत मिळते.

आता मूळ दस्त. बँक खरं बोलतेय. इथे कर्ज देणारा तुमचं खरेदीखत तारण म्हणून कपाटात ठेवत नाही. तुमचा ग्रँट डीड, म्हणजे इथलं खरेदीखत, 1998 साली ओकलंडला, अलामीडा काउंटीच्या दप्तरात नोंदला गेला आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात ज्याचा पत्ता होता त्याला पोस्टानं परत पाठवला गेला. बहुधा तुम्हालाच. एखाद्या जुन्या फाइलमध्ये असेल. नसला तरी झोप उडवून घेऊ नका, घर विकताना तो कागद कुणी मागत नाही. मालकी बघतात ती दप्तरावरून. कागद हरवला तर चालतं, दप्तर गेलं तर मात्र पंचाईत होते. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जमिनीची दप्तरं जळाली, तेव्हा लोकांना कोर्टातून मालकी सिद्ध करता यावी म्हणून राज्याला खास कायदा करावा लागला होता.

तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे: बोजा उतरला का? सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घेतात ना, तसंच. कर्ज घेताना तुम्ही "डीड ऑफ ट्रस्ट", म्हणजे घर तारण दिल्याचा दस्त, करून दिला, तो नोंदला गेला. कर्ज फिटल्यावर त्याला उत्तर म्हणून "रीकन्व्हेयन्स" नावाचा, तारण सुटल्याचा दस्त नोंदला जायला हवा. बँकेचं अभिनंदनाचं पत्र म्हणजे रीकन्व्हेयन्स नव्हे. ते फ्रिजवर लावा हवं तर.

हे घरबसल्या बघता येतं. बऱ्याच काउंट्यांची सूची वेबसाइटवर फुकट आहे. पण पत्ता टाकून शोधायला जाल तर हात हलवत परत याल. ही सूची नावावर चालते, देणारा म्हणजे ग्रँटर आणि घेणारा म्हणजे ग्रँटी. आपल्याकडच्या इंडेक्स वनची, म्हणजे नावांच्या सूचीची, चुलत बहीण समजा. पत्ता आणि पार्सल नंबर हे असेसरचं, म्हणजे कर आकारणाऱ्याचं खातं. लोक ही दोन ऑफिसं एकच समजतात आणि चुकीच्या रांगेत अर्धा दिवस घालवतात.

आणि आपली नावं! मी टायटल कंपनीत, म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या कंपनीत, तेवीस वर्षं हेच काम केलं. मराठी माणसाचं घर शोधायचं तर मी एकदा आडनावावर, एकदा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आणि एकदा स्पेलिंग मोडून-तोडून शोधायचो. एका बाईंचं घर काही केल्या सापडेना. शेवटी सासरच्या आडनावाखाली नाही, माहेरच्याही नाही, तर नवऱ्याच्या पहिल्या नावाखाली सापडलं. सूची करणारा कारकून दस्तावर छापलेलं आहे तसं घेतो. मधलं नाव शेवटी छापलं गेलं असेल तर ते त्याच्या लेखी आडनाव. वैद्यमध्ये एक एच जास्तीचा पडला असेल तर तुम्ही दोन वेगळी माणसं.

तेव्हा नवरा-बायको दोघांच्या नावांनी 1998 पासून पुढचं सगळं काढा आणि वहीत दोन रकाने आखा. डावीकडे प्रत्येक डीड ऑफ ट्रस्ट, उजवीकडे प्रत्येक रीकन्व्हेयन्स. डीड ऑफ ट्रस्टमध्ये तुम्ही देणारे असता, रीकन्व्हेयन्समध्ये घेणारे, म्हणून दोन्ही बाजूंनी शोधा. तुमच्या सांगण्यावरून डावीकडे किमान तीन नोंदी येतील. होम इक्विटी लाइन, म्हणजे घराच्या तारणावर लागेल तशी उचल, घेतली असेल तर चौथी, आणि गडबड हमखास तिथेच असते: शिल्लक शून्य केलेली असते, पण खातं बंद करा असं लेखी कळवलेलं नसतं. जोड्या लावताना रकमेकडे बघू नका. रीकन्व्हेयन्सच्या मजकुरात मूळ डीड ऑफ ट्रस्टची नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक असतो, तो आकडान् आकडा जुळला पाहिजे. रकान्यात बँकेऐवजी "मर्स" असं काही दिसलं तर दचकू नका. कर्जं एकीकडून दुसरीकडे विकली जातात म्हणून बँकांनी पुढे केलेली ती नामधारी संस्था आहे.

एखादी जोडी लागली नाही तर कर्जाचे हप्ते शेवटी ज्यांच्याकडे जात होते त्यांना दस्त क्रमांक घालून पत्र लिहा. ईमेल नको, पत्रच. कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत कर्जदात्यानं कागद ट्रस्टीकडे, म्हणजे डीड ऑफ ट्रस्टमध्ये नाव असलेल्या त्रयस्थाकडे, द्यायचे आणि त्यानंतर ट्रस्टीनं 21 दिवसांत नोंदणी करायची, असं कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो. न केल्यास नुकसानभरपाई आणि वर 500 डॉलर. हे एक वाक्य पत्रात घातलं की उत्तराचा सूर बदलतो. पहिल्या रीफायनान्सची बँकच आता अस्तित्वात नसेल तर ती कुणी घेतली ते शोधा. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन म्युच्युअल 2008 मध्ये बुडाली आणि तिचा कारभार जेपीमॉर्गन चेसकडे गेला. कुणीच दाद देत नसेल तर 75 दिवसांनंतर टायटल कंपनी त्यांना नोटीस देऊन "रिलीज ऑफ ऑब्लिगेशन", म्हणजे कर्ज फिटल्याचा दस्त, नोंदवू शकते. घर विकायला काढण्याआधी हे उरकून घ्या. गिऱ्हाईक दारात उभं असताना वीस वर्षांपूर्वीचा बोजा उपटला की काय होतं ते मी फार वेळा पाहिलंय.

प्रश्न : माझे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले. सनीव्हेलचं घर दोघांच्या नावावर आहे. मुलगा म्हणतो कोर्टात जावं लागेल. खरं आहे का?

उत्तर : ताई, वाईट वाटलं वाचून. बहुतेक कोर्टात जावं लागणार नाही, पण ते तुमच्या ग्रँट डीडमधल्या दोन शब्दांवर आहे. तुमच्या दोघांच्या नावांपुढे बघा. "जॉइंट टेनंट्स" (एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक) असेल तर "ॲफिडेव्हिट : डेथ ऑफ जॉइंट टेनंट" हा कागद नोटरीपुढे सही करून, मृत्यूच्या दाखल्याची सही-शिक्क्याची प्रत जोडून सॅन होजेला, सँटा क्लॅरा काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवायचा. दाखल्याची झेरॉक्स चालत नाही. "कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप" (नवरा-बायकोची सामाईक मिळकत, मागे राहणाऱ्याची होणारी) असेल तरी जवळपास असंच. "टेनंट्स इन कॉमन" (प्रत्येकाचा हिस्सा वेगळा) असेल तर मात्र वकिलाला भेटा, मुलाचं म्हणणं खरं ठरू शकतं.

घाई एकाच गोष्टीची. मृत्यूनंतर 150 दिवसांत असेसरकडे मालकी बदलल्याचं निवेदन द्यावं लागतं. तुमच्याकडे साधारण महिना आहे. नवरा-बायकोतल्या हस्तांतरानं घराची करआकारणी वाढत नाही, ती भीती नको. 2018 पासून बऱ्याच दस्तांवर 75 डॉलरची वेगळी फी लागते. राहत्या मालकाकडे जाणाऱ्या घराला त्यात सूट आहे, पण सूट कशासाठी मागताय ते दस्तावरच लिहिलेलं असावं लागतं. तोंडी सांगून भागत नाही.

पहिल्या पानाचा वरचा अडीच इंच भाग मोकळा सोडा. डावीकडे परत पाठवायचं नाव-पत्ता, उजवीकडचा भाग रेकॉर्डरचा. आणि नोटरीचा शिक्का कुठल्याही अक्षरावर पडू देऊ नका, स्कॅन केल्यावर तो वाचता यायला हवा. हे मी अनुभवानं सांगतोय. आम्ही आमचं घर ट्रस्टमध्ये टाकलं तेव्हा शिक्का बरोबर बायकोच्या सहीवर बसला. मी म्हटलं, चालतंय. दोन आठवड्यांनी दस्त छापील चिठ्ठीसह परत आला. तेवीस वर्षं लोकांना हेच बजावणारा मी, आणि पाकीट उघडलं बायकोनं.

प्रश्न : कनेक्टिकटमध्ये शेजाऱ्याच्या कुंपणाचा वाद आहे, जुना नकाशा हवाय. काउंटी ऑफिस सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही. कनेक्टिकटनं 1960 मध्येच काउंटी सरकारं मोडीत काढली. काउंटी नकाशावर आहे, ऑफिस नाही. तिथे जमिनीची दप्तरं प्रत्येक गावाच्या टाउन क्लार्ककडे असतात. व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंडमध्येही तसंच. आधी तुमच्या डीडच्या मजकुरात नकाशाचा नंबर दिलाय का बघा, तो सांगितलात तर काम पाच मिनिटांचं. आणि जाण्याआधी फोन करा. छोट्या गावांत क्लार्कबाई जेवायला गेल्या की काही ठिकाणी दाराला कुलूप असतं.